तटस्थ हत्यार नावाची थाप

"शस्त्र कधी वाईट नसतं हो, वापरणारा वाईट असतो."

हे वाक्य लोक ज्या आत्मविश्वासाने फेकतात ना, त्याची मला जाम चीड येते. जेवणाच्या टेबलावर युद्धाचा विषय निघतो, कुणीतरी मोबाईलवर एखाद्या अवाढव्य तोफेचा व्हिडिओ दाखवतो, "काय मशीन आहे राव!" होतं, आणि कुणी जरा नाक मुरडलं की हे वाक्य आलंच. मागोमाग सुरीचं उदाहरण. सुरीने कांदा चिरता येतो आणि गळाही. संपला विषय, लोणचं इकडे सरकव.

आज मला ही सुरी जरा हातात घेऊन बघायची आहे.

आधीच सांगून टाकतो, मी शांततावादी वगैरे नाही. सैन्य नको, तोफा नकोत, सगळ्यांनी मिळून गाणी म्हणू या, असलं काही मी म्हणणार नाही. देशाला तोफखाना लागतो, तो देवळालीत शिकवावा लागतो, आणि त्यासाठी कुणालातरी पाषाणला बसून ड्रॉइंग काढावी लागतात. माझं भांडण फक्त त्या एका वाक्याशी आहे. आणि ते तपासायचंच तर टोकाच्या केसवर तपासू. (टेस्टिंगवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मधल्या व्हॅल्यूंवर सगळंच चालतं, कोड फुटतो तो टोकाला.) माझी टोकाची केस म्हणजे जड उखळी तोफ. त्यातही रशियन २४० मिलिमीटरची. ओढून न्यायची तिचं नाव एम-२४०, आणि तीच रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या गाडीवर चढवली की २एस४ तुल्पान.

तुल्पान म्हणजे ट्यूलिप. सोव्हिएत लोकांनी आपल्या स्वयंचलित तोफांना ओळीने फुलांची नावं दिली. ग्वोझ्दिका, अकात्सिया, तुल्पान, गियात्सिंत, पिओन. अख्खी बाग. (व्हेरिएबलला नाव देताना काय करू नये याचं इतकं चांगलं उदाहरण मिळायचं नाही.) आणि गंमत म्हणजे त्याच सैन्याच्या अफगाणिस्तानातून शवपेट्या घेऊन येणाऱ्या विमानांना सैनिक 'काळं ट्यूलिप' म्हणायचे. असो.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण सगळा मुद्दा यंत्रातच आहे.

उखळी तोफ म्हणजे नावाप्रमाणे उखळ. आखूड नळी, तोंड आकाशाकडे. आजची साधी उखळी तोफ आली १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमुळे. समोरचा खंदकात बसलाय, सरळ जाणारा गोळा त्याच्या डोक्यावरून जातो. मग वरून खाली पडणारं काहीतरी पाहिजे. क्रेन आणि रेल्वेची अवजड सामग्री बनवणाऱ्या एका इंग्रज कंपनीचा प्रमुख, विल्फ्रेड स्टोक्स, याने इतकं सोपं डिझाईन काढलं की बघून हसू येईल. एक गुळगुळीत नळी, तळाला एक टोचणी, जमिनीवर एक पत्रा, पुढे दोन पाय. गोळा वरून नळीत सोडायचा, तो घसरत खाली टोचणीवर आपटतो, आणि आला तसा उलटा बाहेर. हलणारा भाग जवळजवळ नाहीच.

खरी मेख आहे वेगात. आपल्या बोफोर्ससारख्या १५५ मिमीच्या तोफेतून गोळा सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाने सुटतो. २४० मिमी उखळीचा साधारण ३६०. म्हणजे आवाजापेक्षा किंचित जास्त. वेग कमी म्हणजे नळीतला दाब कमी. दाब कमी म्हणजे नळी पातळ चालते, धक्का शोषायला अवजड यंत्रणा लागत नाही, बेसप्लेट तो धक्का सरळ जमिनीला देऊन टाकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्याची भिंतसुद्धा पातळ चालते, कारण सुटताना तिच्यावर तेवढा ताण येत नाही. पातळ भिंत म्हणजे आत जास्त जागा. आणि जागा म्हणजे स्फोटक.

आकडे बघा. १५५ मिमीचा जुना नेहमीचा गोळा ४३ किलोचा, त्यात स्फोटक साधारण ७ किलो. २४० मिमी उखळीचा गोळा १३० किलोचा, त्यात स्फोटक ३० किलोच्या वर. वजन तिप्पट, पण स्फोटक चौपटीहून जास्त. बोफोर्सचं वजन १२ टनांच्या आसपास, आणि हा तिप्पट गोळा फेकणारी ओढायची एम-२४० फक्त ४ टनांची. इथपर्यंत आलं की कुठल्याही इंजिनिअरचे डोळे चमकतात. माझेही चमकले. इतक्या कमी पोलादात इतका परिणाम! हे डिझाईन करणारा कोलोम्नाचा बोरिस शावीरिन पट्टीचा इंजिनिअर होता यात वादच नाही. त्याची १९३८ ची १२० मिमी उखळी इतकी सरस निघाली की शत्रू असलेल्या जर्मनांनी ती जवळपास जशीच्या तशी उचलली आणि १९४२ पासून स्वतः बनवली.

पण फुकट काही मिळत नाही. वेग कमी ठेवला की पल्ला मेला. २४० मिमीचा साधा गोळा जेमतेम साडेनऊ किलोमीटर जातो. १५५ मिमीची तोफ वीसच्या पुढे सहज मारते. १३० किलोचा गोळा माणूस उचलून नळीच्या तोंडातून टाकू शकत नाही, म्हणून नळी आडवी करायची, मागून गोळा भरायचा, पुन्हा उभी करायची. तुल्पानमध्ये हे काम हायड्रॉलिक्स करतं, तरी वेग मिनिटाला एक गोळा. गाडी साडेसत्तावीस टनांची. मारा करताना ती आपली बेसप्लेट मागे जमिनीवर टेकवते, नळी मागच्या बाजूला उभी राहते, म्हणजे हलायचं झालं तर आधी हा सगळा पसारा आवरा. लांबचा मारा असेल तर गोळा पाऊण मिनिटाच्या आसपास हवेत असतो, आणि एवढ्या वेळात वारा त्याचं काय करायचं ते करतो.

आता मी तुम्हाला हे सगळं स्पेसिफिकेशन म्हणून दिलं. वर ना देशाचं नाव, ना झेंडा. पल्ला आखूड. मारा संथ. पळायला जड. नेम ढोबळ. दणका प्रचंड. सांगा, युज केस काय?

चालतं लक्ष्य बाद, कारण मिनिटाला एक गोळा. लांबचं लक्ष्य बाद. ज्याच्याकडे बरोबरीचा तोफखाना आहे असा शत्रू बाद, कारण त्याचं रडार तुमच्या गोळ्याचा मार्ग मोजून तुम्ही कुठे आहात ते काढणार, आणि तुमच्या पल्ल्याच्या बाहेरून तुम्हाला उडवणार. उरतं काय? जे हलू शकत नाही, जवळ आहे, उलट मारू शकत नाही, आणि ज्याच्या आजूबाजूला काय आहे याची तुम्हाला फिकीर नाही. अशा दोनच गोष्टी मला सुचतात. एकटा पडलेला किल्लेवजा बंकर, नाहीतर वेढ्यात सापडलेलं शहर.

"अरे पण ती बंकरसाठीच बनवली होती!" हो, मान्य. कागदावर तेच लिहिलेलं असतं. पण आपल्या धंद्यात रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आणि प्रॉडक्ट यातला फरक कुणाला समजावायला लागू नये. डॉक्युमेंटमध्ये गिऱ्हाईकाची इच्छा असते, प्रॉडक्ट काय करू शकतं ते त्याच्या मापांत असतं. आणि या बंकरच्या इच्छेचं पुढे काय होतं त्याचा इतिहास आहे.

जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात याहून राक्षसी उखळी बनवली, कार्ल नावाची. ६० सेंटीमीटर व्यास, १२४ टन वजन, दोन टनांच्या आसपास गोळा. कशासाठी? फ्रान्सच्या माजिनो लाईनचे काँक्रीटचे किल्ले फोडायला. १९४० मध्ये जर्मन सैन्य माजिनो लाईनला वळसा घालून पुढे गेलं आणि फ्रान्स पडला. कार्ल तोवर तयारच नव्हती. १९४२ मध्ये सेव्हास्तोपोलला तिला खरोखरचे किल्ले मिळाले, ते मी नाकारत नाही. पण मग? एवढं अवजड धूड न्यायचं कुठे? १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते वॉर्सात पोचलं. शहरातल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला होता, हातात रायफली आणि घरगुती बॉम्ब, तोफखाना शून्य. प्रुडेन्शियल नावाच्या वॉर्सातल्या सगळ्यात उंच इमारतीवर कार्लचा गोळा आदळतो तो क्षण एका छायाचित्रात पकडला गेलाय, २८ ऑगस्टचा. किल्ला फोडायचं यंत्र ऑफिसांच्या आणि फ्लॅटच्या इमारतीवर.

ही काही एका हिटलरची विकृती म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण पुढची यादी बघा. १९९९-२००० च्या हिवाळ्यात ग्रोझ्नी, तुल्पान. २०१२ च्या फेब्रुवारीत सीरियातलं होम्स, बाबा अम्र वस्ती, तिथे ओढायची जुनी एम-२४०. ह्युमन राइट्स वॉचने तेव्हा व्हिडिओ तपासून ही उखळी वापरली जातेय असं जाहीर केलं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं डिझाईन, तटबंदी फोडण्यासाठी केलेलं, साठ वर्षांनी एका नागरी वस्तीवर. २०२२ मध्ये मारियुपोल, पुन्हा तुल्पान. तेवीस वर्षं, दोन सैन्यं, तीन शहरं. प्रत्येक वेळी शहर वेढलेलं, आतल्यांकडे उलट मारायला जवळजवळ काही नाही.

आणि जिथे समोरच्याकडे उलट मारायला काहीतरी होतं तिथे काय झालं? २०२२ च्या मे महिन्यात लुहान्स्क भागात युक्रेनने ड्रोनने तुल्पान हुडकून काढली आणि उडवली. म्हणजे स्पेसिफिकेशन वाचून जो निष्कर्ष आपण मघाशी काढला, तोच प्रत्यक्षात उतरला. वापरणारे बदलले, झेंडे बदलले, वापर तोच राहिला. सॉफ्टवेअरमध्ये असं झालं असतं तर आपण "युजर वाईट आहेत" म्हटलं असतं का? आपण म्हटलं असतं, डिझाईनच यूजरला तिकडे ढकलतंय.

अजून एक गोष्ट, जी व्हिडिओत कधी दिसत नाही. तोफेचा गोळा बहुधा तिरपा येतो आणि इमारतीच्या भिंतीवर आदळतो. उखळीचा जवळजवळ सरळ वरून येतो, छतावर. जड गोळ्याच्या फ्यूझला विलंबाची सेटिंग असते, म्हणजे आदळल्या आदळल्या फुटायचं नाही, आधी आत घुसायचं. हे का? कारण बंकरला जाड छत असतं आणि सैनिक छताखाली असतात. उत्तम इंजिनिअरिंग. पण शहरावर मारा सुरू झाला की लोक कुठे जातात? तळघरात. वर चार-पाच मजले आहेत, आपण वाचू, या हिशोबाने. एक छत, त्याखाली स्लॅब, त्याखाली माणसं. भौतिकशास्त्राला बंकर आणि तळघर यात फरक करता येत नाही, आणि ज्याने फ्यूझ डिझाईन केला त्याला तो करावासा वाटला नाही. सुरीचं उदाहरण देणाऱ्यांनी मला सांगावं, या फ्यूझने कांदा कसा चिरायचा?

आता तुमच्या शंका घेतो, कारण त्यातल्या दोन-तीन खरंच दमदार आहेत.

पहिली, कारगिल. "उखळी तोफा नसत्या तर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बसलेल्यांना काय पत्रं पाठवायची होती का?" एकदम बरोबर. डोंगराळ लढाईत उखळीला पर्याय नाही. धारेच्या मागे लपलेल्याला सरळ मारा पोचत नाही, वरून पडणारा गोळाच पोचतो. १९९९ मध्ये सगळं श्रेय बोफोर्सला गेलं, पण १०५ मिमीच्या फील्ड गन आणि १२० मिमीच्या उखळींनीही तिथे राबून काम केलं. आपल्या सैन्याकडे टॅम्पेलाच्या १६० मिमी उखळीसुद्धा होत्या. उखळींच्या बाबतीत आपला इतिहास मोठा रंजक आहे. श्रीनाथ राघवन यांच्या १९७१ वरच्या पुस्तकात आहे की त्या वर्षी इस्रायलने भारताला उखळी तोफा आणि दारूगोळा पुरवला, तोही राजनैतिक संबंध नसताना (ते झाले १९९२ मध्ये), श्लोमो झाब्लुडोविच नावाच्या व्यापाऱ्यामार्फत. तेव्हा मी उखळीला सरसकट शिव्या घालत नाहीये. पण नीट बघा, कारगिलच्या त्या शिखरांवर राहत कोण होतं? सैनिक. फक्त सैनिक. चुकलेला गोळा दगडावर पडत होता. आणि १२० मिमीचा गोळा साधारण १५ किलोचा, उखळी डोंगरात नेता येण्याजोगी. मापं वेगळी म्हणून वापर वेगळा. कारगिलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

दुसरी शंका. "सोव्हिएतांकडे तुल्पानसाठी लेझरने नेम धरणारा गोळाही होता की!" होता. स्मेल्चाक नावाचा. १९८० च्या दशकात अफगाणिस्तानात, पंजशीर खोऱ्यात डोंगरातल्या मजबूत ठाण्यांवर वापरला. कुणीतरी जवळ जाऊन लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरायचा, गोळा शेवटच्या टप्प्यात तिकडे वळतो. म्हणजे नेमका मारा करता येत होता, तंत्रज्ञान घरचंच होतं, मारियुपोलच्या कितीतरी आधीपासून. तरीही शहरांवर जे पडत राहिलं ते मुख्यतः साधे, आंधळे गोळे, कारण ते स्वस्त आणि गोदामात रग्गड. ही शंका माझ्या विरुद्ध जाते असं तुम्हाला अजून वाटतंय का?

तिसरी सगळ्यात अवघड. "विमानातून टाकलेल्या २५० किलोच्या साध्या बॉम्बमध्ये यापेक्षा जास्त स्फोटक असतं. मग उखळीलाच का धरलंस?" खरंय. आणि आंधळा हवाई बॉम्ब शहरावर टाकणाऱ्यालाही हेच सगळं लागू आहे, काही सूट नाही. पण एक फरक आहे. बॉम्ब टाकायला विमान लागतं, वैमानिक लागतो, बरं हवामान लागतं, आणि विमान पडण्याचा धोका पत्करावा लागतो. उखळीला यातलं काही लागत नाही. शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर झाडीत गाडी उभी करायची, आणि पावसात, धुक्यात, रात्रभर, मिनिटाला एक. क्रूरतेचा खर्च इतका खाली आणणं हेसुद्धा डिझाईनच आहे ना? आपण नाही का म्हणत, क्लाउडमुळे सर्व्हर स्वस्त झाले आणि म्हणून लोकांनी ते कशालाही वापरायला सुरुवात केली? किंमत हा फीचर असतो.

आता आपल्या घराकडे येतो, कारण हा लेख केवळ रशियनांना शिव्या द्यायला लिहिलेला नाही. त्यांना माझ्या शिव्यांनी काय फरक पडणार आहे.

माझ्या एका जुन्या मित्राला संरक्षण क्षेत्रातल्या एका स्टार्टअपकडून विचारणा झाली आहे. वाहनावरच्या १२० मिमी उखळीचं फायर कंट्रोल सॉफ्टवेअर. पगार उत्तम, काम बँकेच्या पोर्टलपेक्षा हजारपट मजेशीर, आणि घरी सांगायला देशसेवा. मी त्याला "घेऊ नकोस" म्हटलं नाही, आणि म्हणणारही नाही. पण तो म्हणाला, "मी काय, फक्त सॉल्व्हर लिहिणार. वारा, तापमान, चार्ज इनपुट, कोन आउटपुट. मी कुठे गोळा मारतोय?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कारण उखळी तोफेच्या आजच्या पिढीत सॉफ्टवेअर हेच हत्यार आहे, पोलादाची नळी शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

आकडे घ्या. नेमकेपणा मोजायचं माप म्हणजे सीईपी, म्हणजे असं वर्तुळ की निम्मे गोळे त्याच्या आत पडतात. (निम्मे बाहेर, हे लक्षात ठेवा.) अमेरिकन सैन्याच्या साध्या १२० मिमी उखळीचं हे वर्तुळ लांबच्या पल्ल्यावर १३६ मीटर त्रिज्येचं. आपल्या भाषेत चौदा एकर. म्हणजे मोठ्यातली मोठी हाउसिंग सोसायटी, शेजारची शाळा आणि भाजी मंडई धरून. त्याच तोफेला जागा अचूक सांगणारी यंत्रणा आणि फायर कंट्रोल संगणक जोडला की त्रिज्या ७६ मीटर. साडेचार एकर. गोळा तोच, नळी तीच. २०११ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात जीपीएसवर चालणारा १२० मिमीचा गोळा नेला, तो १० मीटरच्या आत. तीन गुंठे. चौदा एकर ते तीन गुंठे, हा प्रवास कुणी केला? गोळा ओतणाऱ्याने नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी.

आता उलटी बाजू. फिनलंड आणि स्वीडनने मिळून अमोस नावाची जोडनळीची १२० मिमी स्वयंचलित उखळी बनवली. तिची शान म्हणजे एमआरएसआय. पहिला गोळा खूप उंच मारायचा, पुढचा जरा कमी, त्यापुढचा अजून कमी, चार्ज बदलत, असा की वेगवेगळ्या वेळी सुटलेले गोळे एकाच क्षणी एकाच जागी पडतात. अल्गोरिदम म्हणून सुंदर आहे, मी मान्य करतो. पण ही रिक्वायरमेंट साध्या मराठीत लिहून बघा. पहिला गोळा पडला की माणसं जमिनीवर आडवी होतात, आडोशाला पळतात, म्हणून नंतरच्या गोळ्यांत तेवढी माणसं मरत नाहीत. त्यांना आडवं व्हायला वेळ मिळू नये. ही आहे युजर स्टोरी. समोर शत्रूचे सैनिक असतील तर युद्धाच्या नियमांत ती बसते, मी त्यावर गळा काढणार नाही. पण हे फंक्शन लिहिणाऱ्याने "मी फक्त समीकरण सोडवलं" म्हणू नये. समीकरणातला एक पद 'माणसाला खाली पडायला लागणारी सेकंदं' हा आहे. तो कुणीतरी मोजून तिथे घातलाय.

कायद्याचं काय, असं विचाराल. १९७७ च्या जिनिव्हा कराराच्या पहिल्या जोड-मसुद्यात, कलम ३६ मध्ये, म्हटलंय की नवं शस्त्र विकसित करताना किंवा विकत घेताना ते कायद्यात बसतं का, हे त्या देशाने तपासलंच पाहिजे. भारत त्या मसुद्याचा सदस्य नाही. अमेरिकाही नाही, पण ती अशी तपासणी तरीही करते. १८ नोव्हेंबर २०२२ ला डब्लिनमध्ये ऐंशीहून अधिक देशांनी एक जाहीरनामा मान्य केला, की लोकवस्तीत स्फोटक शस्त्रं वापरणं आवरू, मर्यादित ठेवू. बंधनकारक नाही, नुसता राजकीय शब्द. रशियाने दिला नाही, चीनने दिला नाही, आपणही नाही. आपली सुरक्षेची गणितं वेगळी आहेत हे मला कळतं. पण मग वरून कुणी विचारणार नसेल तर खालून विचारायला लागतं, आणि खाली म्हणजे डिझाईन रिव्ह्यूमध्ये. तिथे कोण बसलेलं असतं? आपणच.

आणि विचारायचं म्हणजे भाषण ठोकायचं नाही. मित्राला मी एवढंच म्हटलं की इंटरव्ह्यूला गेलास की तीन गोष्टी विचार. यंत्राच्या पडद्यावर लक्ष्याभोवती त्या गोळ्याचं, त्या पल्ल्यावरचं, त्या वाऱ्यातलं वर्तुळ दिसतं का? की नुसता एक नेटका ठिपका दिसतो, जणू गोळा तिथेच पडणार आहे? दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या यांची यादी भरायला जागा आहे का, आणि वर्तुळ त्यावर चढलं तर सिस्टीम थांबून अधिकाऱ्याचं नाव मागते का? आणि दिलेल्या प्रत्येक फायर ऑर्डरची नोंद कुणाला पुसता न येईल अशी राहते का? निर्णय शेवटी अधिकाऱ्याचाच, त्याच्या हातून बटण काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण पडद्यावर ठिपका दाखवायचा की चौदा एकर दाखवायचे, हा निर्णय अधिकाऱ्याचा नाही. तो यूआय लिहिणाऱ्याचा आहे. ठिपका दाखवणारा प्रोग्रॅमर तटस्थ नाही, तो खोटं बोलतोय.

"हे एसआरएसमध्ये नसतं रे," मित्र म्हणाला. नसतं तर घालायला सांग. सगळे इनपुट सॉल्व्हरकडे आधीच असतात. पल्ला, चार्ज, वारा, तोफेची स्वतःची जागा, सगळं. नकाशाही पडद्यावर असतोच. त्यावर एक वर्तुळ काढायला बरा ज्युनिअर डेव्हलपर दोन दिवस घेईल. टेस्टिंग धरून आठवडा.